दोन्ही भिंती शेजाऱ्यांच्या

साताऱ्याच्या आमच्या घराबद्दल कुणी वाकडं बोललं की मला अजून राग येतो. परवा माझा नातू म्हणाला, "आजी, म्हणजे ते रो-हाउस होतं." म्हटलं, असेल बाबा. पण तुमच्या रो-हाउसमधून कधी म्हैस गेली होती का? तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी काहीतरी फेकतेय. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवते.

राजवाड्यापासून पायी पाच मिनिटांवर, एका अरुंद आळीत, सहा घरं एकाला एक चिकटून उभी होती. कुण्या व्यापाऱ्यानं भाड्यानं देण्यासाठी ती एका दमात बांधून घेतली होती आणि पुढे एकेक करून विकली होती. सहाही घरांवर मिळून एकच कौलारू छप्पर. आमचं डावीकडून तिसरं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागे परसू, सगळं एका रेषेत. पुढच्या दारात उभं राहिलं की चार दारांमधून थेट परसातला शेवगा दिसायचा. बाजूनं जायला वाट नाही, की खिडकी नाही. उजवी भिंत शिंप्याबरोबर सामाईक, डावी भिंत कुंटेकाकूंबरोबर सामाईक. त्यातही त्या भिंती आढ्यापर्यंत पोचलेल्याच नव्हत्या. वर कौलांखाली सगळ्या घरांची हवा एक. काकूंची आमटी उकळायला लागली की गोड्या मसाल्याचा वास आमच्या चुलीवर उतरायचा. आणि आईनं मिरच्या भाजायला घेतल्या की सहाच्या सहा घरांना ठसका लागायचा. शिंप्याचं मशीन सकाळी सुरू झालं की आमच्या मांडणीतली पितळी भांडी बारीक किणकिणायची. मला तो आवाज फार आवडायचा. आजही कुठे शिवणयंत्र ऐकलं की मी क्षणभर थांबते.

हे घर आईनं घेतलं. आमच्या घराण्यात त्याआधी घर कुणी घेतलं नव्हतं, असायचं ते वाडवडिलांचं असायचं. घ्यायची ती जमीन. आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, फौजेत हवालदार, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. शेतीचा आणि घराचा सगळा कारभार थोरल्या चुलत्यांकडे, म्हणजे आबांकडे. आबा वाईट नव्हते हो. पण त्यांनी एकदा नाही म्हटलं की गावात कुणाची टाप नव्हती पुढे बोलायची. गावातली शाळा सातवीपर्यंत. मी सातवी झाले आणि आबांनी माझ्यासाठी शेणाची नवी पाटी आणली. आईनं ती पाटी बघितली आणि त्या दिवसापासून तिचं कशात लक्ष लागेना. ती आष्ट्याच्या बाजूची, माहेरी चौथीपर्यंत शिकलेली. चौथीचं पुस्तक तिनं लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत जपून ठेवलं होतं. मला म्हणाली, "माज्या बाबतीत जे झालं ते झालं. तुमा दोगींचं तसं हुयाचं न्हाई."

धाकट्या शालीचा कान फुटला म्हणून आई आम्हा दोघींना घेऊन साताऱ्याच्या दवाखान्यात आली होती. परत जाताना आळीत पायरीवर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांच्याकडे आईनं पाणी मागितलं. पाणी देता देता ते सांगू लागले, की मुलगा माधवनगरला गिरणीत लागलाय, तिकडेच राहायला जायचंय, घर काढायचंय. आईनं तांब्या खाली ठेवला आणि घर बघू का म्हणून विचारलं. चारही दारांमधून ती परसापर्यंत गेली, शेवग्याच्या बुंध्यावर थाप मारली आणि परत येऊन म्हणाली, "घ्यायचं हाय मला." ते गृहस्थ तिच्या मागे बघायला लागले, कुणी पुरुषमाणूस येतोय का म्हणून. मागे मी आणि कानात कापूस घातलेली शाली.

अण्णांना पत्र गेलं. त्यांचं उत्तर यायला महिना लागला. तेवढ्यात आबांनी अण्णांच्या शिलकीतून शेजारची उसाची पट्टी विकत घ्यायचं बोलणं करून टाकलं होतं. पण अण्णांचं पत्र आलं, त्यात चार ओळी होत्या. माझी शिल्लक घरासाठी वापरावी, घर कुसुमच्या, म्हणजे माझ्या, आईच्या नावानं करावं, मुलींना शाळेत घालावं, सर्वांस नमस्कार. आबांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बघून तरी येतो काय रत्न हाय त्ये."

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर बाईनं पदर पुढे ओढायचा आणि थेट बोलायचं नाही. काही सांगायचं झालं तर पोरांच्या तोंडून. त्यामुळे आबा आणि आई यांच्यामधला टेलिफोन मीच. दोघंही शेजारी उभी असली तरी आई माझ्या कानात बोलणार, मी ते आबांना सांगणार, आणि आबांनी ते आधीच ऐकलेलं असणार.

आबांनी घर पाहिलं. डाव्या भिंतीवर काठी आपटून मालकांना विचारलं, "ही भित कुनाची?"

"सामाईक."

"आन ही?"

"तीही सामाईकच."

"मंग आमी घ्यायचं काय, मधली हवा?"

मालक बिचारे ओशाळले. आई माझ्या मागून पुटपुटली, "आबास्नी सांग, दोनी भिती शेजाऱ्यांच्या आडोशाला हायत म्हणून पावसानं भिजायच्या न्हाईत. निम्मा गिलावा वाचला." मी सांगितलं. आबांनी हूं केलं. मग ते परसात गेले. बैठी भिंत घातलेलं चांगलं ऐसपैस परसू, दगडी हौद. आईनं त्यांची नजर पाहिली आणि माझ्याकडून दुसरं वाक्य पाठवलं, की बिजली इथं राहील. दूध आळीत घालून घरखर्च भागवीन, शेतावरनं एक दाणा मागायची न्हाई.

बिजली ही आमची म्हैस. नाव बिजली, पण चालणं असं की शेतातून घरी यायला संध्याकाळ लावायची. पंढरपुरी जात, काळीभोर, दोन्ही बाजूंना हातहातभर लांब शिंगं. तिचं रेडकू दगावलं होतं, तेव्हापासून ती फक्त आईच्या हाताला पुरा पान्हा सोडायची. आबांनी परसात दोन फेऱ्या मारल्या आणि निकाल दिला. मला म्हणाले, पण आईला ऐकू जाईल असं: "म्हस हितं टिकली तर तुमीबी ऱ्हावा. म्हस माघारी आली, तर म्हशीमागनं तुमी तिगी या. घर भाड्यानं दिऊ. मग साळाफिळा काढायची न्हाई." आईनं माझा खांदा दाबला. मी म्हटलं, "आय व्हय म्हनती."

आणि मग आमच्या माणसांनी ती चूक केली. म्हैस चार दारांमधून परसात न्यायची, तर ती मावेल का, हा प्रश्न आबांनाच सुचला. गावात गेल्यावर बिजलीला उभी केली, पोटाच्या दोन्ही बाजूंना दोन काठ्या धरल्या आणि काठ्यांमधलं अंतर कासऱ्यानं मोजून गाठ मारली. तो कासरा घेऊन आई साताऱ्याला आली, चारही दारांना लावून पाहिला. प्रत्येक दार गाठीपेक्षा चार बोटं जास्त. आईचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! मोजणारे सगळे जन्मभर जनावरात वाढलेले, आबा तर बाजारात लांबून बघून म्हशीचं वेत, म्हणजे ती कितव्यांदा व्यायलीय ते, सांगायचे. पण गावच्या गोठ्याला दार कुठे असतं? समोरून सगळा उघडा. त्यामुळे एकाही शहाण्याला शिंगं मोजायचं सुचलं नाही.

खरेदीखत झालं. आईचं नाव कागदावर लागलं. मे महिन्यात आम्ही तिघी बोचकी घेऊन राहायला आलो. पहिला महिना आई बावरलेली होती, हे आज कळतं. सकाळी उखळात मिरची कुटायला बसली की डावीकडून काकूंचा आवाज यायचा, "अहो, हळू! इकडे भिंत हलतेय!" आई एक घाव हलका घालायची, दुसरा विसरून जोरात. कुंटेकाकू एकट्याच राहायच्या, शिस्तीच्या, पण मनानं चांगल्या. त्यांनीच आईला सहावारी पातळ नेसायला शिकवलं. गावात आई नऊवारी लुगडं नेसायची, काष्टा घालून. इथे आळीतल्या तिच्या वयाच्या बाया गोल पातळात. पाण्याला गेली की कुणीतरी विचारायचं, "कामाला कुणाकडे आहात?" घराची मालकीण ती, आणि हा प्रश्न! दोनदा तिनं गिळला. तिसऱ्यांदा घागर घरी ठेवली आणि बाजारातून गुलाबी नायलॉनचं पातळ आणलं. काकूंनी निऱ्या घालून दिल्या. आई आरशासमोर उभी राहून म्हणाली, "पाय मोकळं मोकळं लागत्यात गं. चालू कशी?" आम्ही पोट धरून हसलो. पण ती रोज नेसायला लागली.

तिकडे गावात चुलती बिजलीला पिळत होती आणि बिजली निम्मं दूध वर चढवत होती. आबा निरोप पाठवायचे, म्हस वाळतीया, कवा नेताय. परसात पत्र्याचं छप्पर झालं, दावण बसली, आणि आईनं या म्हणून कळवलं. माझं नाव शाळेत घातलं होतं, शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता, पण मी रोज जीव मुठीत धरून जात होते. वर्गातल्या मुलींना मी नावसुद्धा विचारत नव्हते. कशाला उगीच ओळखी वाढवायच्या, असं वाटायचं.

बिजली आली ती सकाळी. आबा आणि आमचा गडी सखाराम तिला घेऊन कोरेगावच्या रस्त्यानं रात्रभर चालत आलेले. पाऊस लांबला होता म्हणून रस्ता कोरडा होता. आळीच्या तोंडाशी तिच्या गळ्यातली घाट वाजली आणि आई हातातलं पीठ तसंच घेऊन दारात धावली. "आली गं माजी बाय!" म्हणत ती पुढे झाली, आणि बिजलीनं फुस्स करून मान झटकली, चार पावलं मागे. आई पुन्हा जवळ गेली, पुन्हा तेच. आबा म्हणाले, "वाटंनं मोटारी बगून बिचाकलीया. हो बाजूला." त्यांनी कासरा हातात घेतला, उंबरा ओलांडून घरात गेले आणि आतून ओढायला लागले. सखाराम मागून रेटतोय. बिजलीचं डोकं दारात आलं आणि खाड! दोन्ही शिंगं दोन्ही बाजूंच्या चौकटीवर. आबांनी आणखी ओढलं. पुन्हा खाड! चौकट हलली, गिलाव्याचा पापुद्रा खाली आला.

तोवर आळी भरली होती. शिंपी गळ्यात टेप अडकवून उभा, समोरच्या घरातली पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळलेली. कुंटेकाकू तावातावानं बाहेर आल्या. "अहो, काय चाललंय काय? माझ्या फडताळातल्या कपबश्या खाली आल्या!"

आबा आतून म्हणाले, "बाई, भित सामाईक हाय म्हनं. निम्म्या आमच्या फुटल्या समजा."

आळी हसली. काकूसुद्धा हसू दाबत होत्या. मी मात्र रडायच्या बेतात होते. आबा चौकटीकडे बघत होते, शिंगांकडे बघत होते, आणि त्यांच्या लक्षात आलेली चूक आमच्याही लक्षात येत होती. तेवढी मोठी शिंगं, रोज डोळ्यांसमोर! सखाराम हळूच म्हणाला, "आबा, आपुन प्वाटच मोजलं की." आबा त्याच्यावर खेकसले. मग दोघांनी मिळून आणखी तीनदा जोर लावला. बिजलीचे डोळे पांढरे झाले, नाकातून फेस आला, आणि ती दारातच खाली बसायला बघू लागली. आबांनी कपाळ पुसलं. माझ्याकडे वळून, नेहमीसारखं, पण या वेळी जरा हळू आवाजात म्हणाले, "कुसे, सांग तुज्या आयला. बोचकी बांध म्हनावं."

मी आईकडे बघितलं. तिनं ऐकलं होतं. ती बिजलीकडे बघत होती. मग खाली स्वतःच्या अंगावर बघितलं, त्या गुलाबी पातळावर, हातानं निऱ्या जराशा उचलून. पदर सळसळला तशी बिजलीनं परत कान मागे घेतले. सखारामनं बिजलीला जरा मागे घेतलं तशी आई आबांच्या शेजारून आत गेली आणि मधलं दार लावून घेतलं. कुणीतरी म्हणालं, "रडायला गेली बिचारी." खरं सांगते, मलाही तेच वाटलं. एवढं करून शेवटी आपण हरलो.

दार उघडलं तेव्हा आई लुगड्यात होती. गोठ्यातलं, विटून गेलेलं हिरवं लुगडं, काष्टा घट्ट मारलेला. पेंडीचे आणि शेणाचे डाग त्यातून कधीच निघाले नव्हते. एवढ्या शहरी डोळ्यांसमोर ती तशी पुढच्या खोलीत आली. तिच्या डोक्यावरून पदर घसरला होता आणि तो तिनं सावरला नाही. आबांच्या पुढ्यात उभी राहून, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "आबा, कासरा सोडा."

लग्नाच्या तेरा-चौदा वर्षांत ती त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आबांच्या हातून कासरा सुटलाच. ते भिंतीला टेकले. ती भिंत काकूंची होती की आमची, हे विचारायचं भान त्यांना राहिलं नाही.

आईनं दोन पोती मागितली, खाली फरशी शहाबादी, खुरं घसरतील म्हणून. मी घरातली आणली, काकूंनी न मागता आपल्याकडची आणखी दोन आणून टाकली आणि गर्दीला दरडावलं, "जरा मागे व्हा, तमाशा आहे का?" मग आई दाराच्या आत, डाव्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ओढलं नाही, रेटू दिलं नाही. नुसती जीभ टाळ्याला लावून पान्हवताना करायची तसा आवाज केला आणि म्हणाली, "ये माजे बाय. कोन हाय बग. ये, ये." बिजलीनं नाक पुढे करून हुंगलं. एकदा, दोनदा. मग ती आवाजाकडे वळली. समोर नाही, डावीकडे. मान तिरकी झाली आणि एक शिंग आत आलं. आई सरकत सरकत भिंतीच्या कडेनं मागे गेली, बिजलीची मान तिच्यामागे वळत राहिली आणि दुसरं शिंग चौकटीला न लागता आत आलं. त्यामागून ते चार बोटं कमी असलेलं पोट.

बिजली आमच्या पुढच्या खोलीत उभी होती! तिच्या पाठीला अण्णांचा गणवेशातला फोटो घासत होता. आळीत टाळ्या पडल्या, पोरांनी शिट्ट्या घातल्या. आईनं तिकडे बघितलंही नाही. दुसरं दार, पुन्हा कोपऱ्यात उभी, पुन्हा तो आवाज, पुन्हा मान तिरकी. स्वयंपाकघरात बिजलीनं परातीतल्या पिठाला तोंड लावलं, आई म्हणाली, "खा. तुजंच हाय." चौथ्या दारातून शेपटी बाहेर गेली आणि परसातून दावणीला कासरा बांधल्याचा आवाज आला.

माझ्या आईचा मला जेवढा अभिमान त्या सकाळी वाटला तेवढा पुढे कुणाचा वाटला नाही. मी पुढे मुख्याध्यापिका झाले, चार मोठी माणसं जवळून बघितली, हारतुरे बघितले. पण विटक्या लुगड्यात, उघड्या डोक्यानं, म्हशीला चार दारांमधून बोलत बोलत नेणारी ती बाई! तिनं गुलाबी पातळ पुढेही वापरलं, बाजाराला, शाळेत माझ्या बक्षीस समारंभाला. दूध काढताना मात्र लुगडं. आणि कामाला कुणाकडे आहात, हे त्या दिवसानंतर आळीत तिला कुणी विचारलं नाही.

तिनं तिथेच चरवी घेतली आणि खाली बसली. आबा परसाच्या दारात, काकू पलीकडच्या बैठ्या भिंतीवरून डोकावतायत. धारेचा आवाज आधी तळाला पत्र्यासारखा, मग भरत जाईल तसा मऊ. महिनाभर वर चढवलेलं सगळं दूध जणू बिजलीनं त्या दिवशी सोडलं. पहिला तांब्या आईनं भिंतीवरून काकूंना दिला, कपबश्यांचे म्हणून. काकू म्हणाल्या, "रोज अर्धा शेर लावून टाका माझा." मग आईनं चहा टाकला, निव्वळ दुधाचा, आलं ठेचून. आबा स्वयंपाकघरात पाटावर बसले. त्यांनी बशीत ओतून फुर्र करून सगळा चहा प्यायला, मिशा पुसल्या आणि बशी पाटाशेजारी उपडी ठेवली. माझा जीव टांगणीला. बोचक्यांचं त्यांनी आता मागे घेतलं की नाही, हे विचारायची ना माझी हिंमत, ना आईची. ती चुलीकडे तोंड करून उगीच राख ओढत होती.

"कुसे," आबा म्हणाले.

"आं?"

"साळा किती वाजता भरती तुजी?"

"अकराला."

"आन वाजलं किती?"

शिंप्याच्या घरातल्या घड्याळाचा अर्ध्या तासाचा ठोका नुकताच वरून आला होता. "साडेधा."

"मग ऊठ की. म्हशीचं त्वांड काय बगत बसलीस?"

मी उठले. दप्तर खांद्याला अडकवलं. आईनं मान वळवली नाही, वळवली असती तर तिचे डोळे आबांना दिसले असते. तिनं नुसतं म्हटलं, "पळ."